मदत हवी आहे: गाडीची दुसरी चावी दार उघडत नाही

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. गाडी बटण स्टार्टची आहे. रोजची चावी वडिलांकडे असते, दुसरी कपाटात. आईला दवाखान्यासाठी अंबाजोगाईला न्यावं लागतं, कधी रात्री-अपरात्रीसुद्धा. त्यामुळे दुसरी चावी भरवशाची हवीच.

तिची लॉक-अनलॉकची बटणं अजिबात चालत नाहीत. सीआर २०३२, म्हणजे ३ व्होल्टचा नवा सेल अधिकची बाजू बघून बसवला, तरी लाल दिवासुद्धा लागेना. आतली लोखंडी चावी काढून दार उघडतं. चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरली की इंजिनही सुरू होतं. म्हणजे गाडीला चावीची ओळख पटवणारी आतली चिप शाबूत आहे, तिला सेल लागतच नाही. सेलखालच्या पत्र्याच्या पट्टीवर मात्र हिरवट थर दिसतोय आणि पट्टी जराशी दबलेली वाटते. माझा संशय तिच्यावरच आहे.

शोरूममध्ये थेट नवीन चावी घ्या म्हणाले. इंजिन सुरू होत असताना एवढा खर्च मला पटत नाही.

हा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कुणी साफ केलाय का? आतली बारीक बटणं बदलून देणारा खात्रीचा कारागीर लातूर किंवा नांदेडात आहे का? मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे दिली तर चालेल?

अजून एक. चावी पुन्हा कपाटात ठेवताना सेल काढून ठेवावा का? आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, म्हणून ती गाडीत तर ठेवणार नाहीच. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.