मदत हवी आहे : उड्डाणकालावरून ऊर्जा काढताना फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रम बिघडतो

प्रकाशाने झेनॉन वायूतून सुटलेले इलेक्ट्रॉन नळी पार करायला किती वेळ घेतात (उड्डाणकाल), त्यावरून त्यांची ऊर्जा काढतो आहे. प्रकाश म्हणजे ८०० नॅनोमीटर लेझरचे विषम हार्मोनिक (मूळ फोटॉनच्या ऊर्जेच्या विषम पटीचे), अर्ध्या मीटरची क्षेत्रविरहित नळी (आत विद्युत वा चुंबकीय क्षेत्र नाही), टोकाला एमसीपी (इलेक्ट्रॉन टिपणारा डिटेक्टर). टीडीसी (वेळ अंकांत नोंदवणारे यंत्र) ०.२५ नॅनोसेकंदाच्या पायरीचा, प्रत्येक इलेक्ट्रॉनची वेळ सुटी साठवली आहे. एमसीपीवर विखुरलेल्या प्रकाशाचा टोकदार ठसा दिसतो, तीच शून्य वेळ धरली. प्रत्येक वेळेची ऊर्जा काढून ०.०२ ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) बिनांत, म्हणजे समान कप्प्यांत, मोजणी केली, मग जॅकोबियनने (वेळेच्या अक्षावरून ऊर्जेच्या अक्षावर जाण्याचा गुणक : वेळ भागिले दुप्पट ऊर्जा) गुणले.

अडचणी तीन. १ ईव्हीखाली आलेख कड्यासारखा चढतो. साधारण १० ईव्हीच्या वर कंगव्यासारखे दात दिसतात. आणि झेनॉनच्या ५पी ३/२ या ऊर्जापातळीतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची शिखरे सरकलेली आहेत : ११व्या हार्मोनिकचे ४.९२ ऐवजी ४.९६ ला, १५व्याचे ११.१२ ऐवजी ११.२७ ला, १७व्याचे १४.२२ ऐवजी १४.४३ ला. नळीची लांबी बदलून पाहिली, तिन्ही एकदम जुळत नाहीत.

प्रतिसाद १

लांबी बदलून ती जुळणारच नाहीत. लांबी चुकली तर ऊर्जेतली चूक ऊर्जेच्या प्रमाणात वाढते, संपर्क-विभव (वेगवेगळ्या धातूंच्या पृष्ठभागांमुळे येणारा लहानसा व्होल्टेज) असेल तर सगळीकडे सारखी राहते. तुमची चूक ऊर्जेच्या दीडाव्या घाताने वाढते आहे, आणि ती खूण शून्य वेळेच्या चुकीची. प्रकाशालाही अर्धा मीटर कापायला १.६७ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ठसा उमटतो तोवर इलेक्ट्रॉन निघून तेवढा वेळ झालेला असतो. ठशाच्या वेळेतून १.६७ वजा करा आणि ऊर्जा = २.८४३ × (लांबी/वेळ)² हे सूत्र (मीटर, मायक्रोसेकंद, ईव्ही) पुन्हा चालवा. ११.१२ ईव्हीचा इलेक्ट्रॉन २५३ नॅनोसेकंदांत पोचतो, तिथे १.६७ ची चूक ०.१५ ईव्ही होते, नेमकी तुमच्याकडे दिसते तेवढी.

कड्याचे कारण : सुट्या वेळा ऊर्जेत बदलून मग मोजणी केली की जॅकोबियन त्यातच येतो. तुम्ही तो दुसऱ्यांदा लावलात. वेळेच्या बिनांतली मोजणी ऊर्जेच्या अक्षावर नेतानाच तो लावायचा असतो. पडताळणी सोपी आहे : एका शिखराखालचे क्षेत्रफळ दोन्ही अक्षांवर सारखेच यायला हवे.

प्रतिसाद २

दुसरा जॅकोबियन काढला तरी थोडा चढ उरेल. डिटेक्टरची अंधारातली मोजणी वेळेत सपाट असते, ऊर्जेत मात्र ती उणे दीडाव्या घाताने चढते. १० ईव्हीच्या तुलनेत ०.५ ईव्हीला सुमारे ८९ पट. म्हणून पार्श्वभूमी वेळेच्या अक्षावरच वजा करायची. त्यासाठी प्रकाश चालू, वायू बंद असे मोजमाप घ्या, कारण भिंतींवरून सुटणारे मंद इलेक्ट्रॉन प्रकाश झाकला की दिसतच नाहीत. दोन्ही मोजमापे लेझरच्या स्पंदसंख्येने भागायला विसरू नका. वजाबाकीनंतर काही बिन ऋण येतील, ते शून्य करू नका. केलेत तर सरासरी वर सरकते.

दातांबद्दल : १४ ईव्हीला ०.२५ नॅनोसेकंद म्हणजे ०.०३ ईव्ही. ऊर्जेचा बिन त्याहून बारीक असल्यामुळे काही बिन रिकामे राहतात. प्रत्येक वेळेत ०.२५ च्या आतली एकसमान यादृच्छिक संख्या मिळवा. आम्ही शिखरे वेळेच्या अक्षावरच जुळवतो, ऊर्जेचा आलेख फक्त दाखवायला काढतो.

धागाकर्ता

१.६७ वजा केल्यावर तिन्ही शिखरे ०.०१ ईव्हीच्या आत आली, दुसरा जॅकोबियन काढल्यावर कडाही खूप उतरला. वायू बंद ठेवून मोजमाप उद्या घेतो. लांबी आता पक्की धरू का?

प्रतिसाद १

इतक्यात नको. हार्मोनिक निर्माण होताना वायूच्या आयनीभवनामुळे निळीकडे थोडे सरकतात, म्हणून लेझर फोटॉनच्या १.५५ ईव्हीच्या पटीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. झेनॉनच्या ५पी जोडीतले (३/२ आणि १/२) अंतर १.३०६ ईव्ही, आणि त्याच हार्मोनिकवर झेनॉन-आर्गॉन ३/२ शिखरांतले ३.६३ ईव्ही, ही दोन्ही फोटॉनच्या ऊर्जेवर अवलंबून नाहीत. लांबी त्यांच्यावरून बसवा, शून्य वेळ ठशावरून काढलेलीच ठेवा. संपर्क-विभवासाठी ३ ईव्हीखालचे एक तरी शिखर लागेल : १७व्या हार्मोनिकचे झेनॉन ५एस (आणखी खोल पातळी), २.९५ च्या आसपास.