कमोडोर ६४ पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय तपासावं?

खटकेबाज
बरीच वर्षं पडून असलेला कमोडोर ६४ (१९८०च्या दशकातला घरगुती संगणक; जुन्या, फुगीर केसचा) मूळ अडॅप्टरसकट मिळालाय. अजून वीज दिलेली नाही. अडॅप्टर वापरावा का? सगळे कपॅसिटर आधीच बदलून घेऊ का?

डाखकाम
वीज दिली नाहीत हे फार चांगलं केलंत. तो अडॅप्टर वापरू नका. आतला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) इपॉक्सीत, म्हणजे घट्ट झालेल्या राळेत, गाडलेला असतो, त्यामुळे उष्णता साचते. तो बिघडला की ५ व्होल्टचे ६-७ व्होल्ट होतात, बोर्डावर त्यांना अडवणारं काहीच नाही आणि आधी मेमरी चिप जळतात. थंड अडॅप्टर मीटरवर बरोबर ५.१ दाखवतो, तिथेच लोक फसतात. मोजायचंच असेल तर मशीन न जोडता अडॅप्टरच्या प्लगच्या पिन ५ (+) आणि २ (ग्राउंड) यांच्यामध्ये ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा तास ठेवा. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नका. आकडा ५.२५ च्या वर गेला की अडॅप्टर बाद. नाही गेला तरी उद्याची खात्री नाही.

नवा घ्या: ५ व्होल्ट डीसी, २ अँपिअर, आणि सोबत ९ व्होल्ट एसी, १ अँपिअर (पिन ६ व ७).

तांबेपट्टी
कपॅसिटर सरसकट बदलू नका. या बोर्डावरचे सहसा गळत नाहीत, आणि अननुभवी हाताने पॅड (डाख लावायचे तांब्याचे ठिपके) उखडले तर नसलेलं दुखणं मागे लागतं. फुगलेला किंवा बुडाशी चिकट दिसणारा तेवढाच बदला.

खटकेबाज
नवा अडॅप्टर लावला. लाल दिवा लागतो, पडदा मात्र काळा.

डाखकाम
आधी बोर्डावरचा १.५ अँपिअरचा फ्यूज बघा. तो ९ व्होल्ट एसीच्या वाटेवर असतो. दिवा ५ व्होल्टवर चालतो, म्हणून फ्यूज उडाला तरी लागतो. पण या जुन्या बोर्डांवर व्हिडिओ चिप आणि क्लॉकला (चिपना ताल देणाऱ्या सर्किटला) लागणारे वेगळे ५ व्होल्ट त्या एसीतूनच बनतात, त्यामुळे चित्र येत नाही.

तांबेपट्टी
फ्यूज ठीक असेल तर संशय पीएलएवर (मेमरी आणि इतर चिपपैकी कुठल्या वेळी कोणती वापरायची ते ठरवणारी चिप), मग मेमरीवर. सॉकेटमधल्या चिप उपसून पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा घट्ट बसवा. मिनिटभर चालू ठेवून ४१६४ क्रमांकाच्या आठही मेमरी चिपना बोट लावा. एकच चटका देत असेल तर बहुधा तीच मेलेली. डेड टेस्ट कार्ट्रिज (मशीनमध्ये खोचायचं, बिघाड तपासणारं कार्ट्रिज) असेल तर काम सोपं: पडदा जितक्यांदा लुकलुकतो त्यावरून खराब चिप कळते.

खराब मेमरी चिप काढताना चिप वाचवू नका, बोर्ड वाचवा. पाय चिपच्या अंगालगत कापा, एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा, भोकं साफ करा आणि १६ पिनांचं सॉकेट बसवा. सगळं जुळलं तर पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे दिसतील.