डाल्मेशियनचं उदाहरण बघा

‘आनुवंशिक आजाराचा वाहक कुत्रा (सदोष जीन असलेला, पण स्वतः आजारी नसलेला) पैदाशीतून बादच करा’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. दोष प्रच्छन्न असेल, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच आजार होत असेल, तर निर्दोष जोडीदार द्यायचा. पिल्लं फार तर वाहक निघतील, आजारी नाही. निर्दोष जोडीदारच नसेल तर? डाल्मेशियन या ठिपकेवाल्या जातीत तेच झालं, लघवीत युरिक ॲसिड वाढून खडे होण्याचा दोष सगळ्या जातीतच. (सांगलीत आमच्या शेजाऱ्यांच्या नराची लघवी तुंबली, तेव्हा डॉक्टरांनी नळी घालून वाळूसारखे खडे काढले. बिचारा रात्रभर पाय वर करून उभा होता.) तिथंही जीन-एडिटिंग (प्रयोगशाळेत जीन बदलणं) लागलं नाही. १९७३ साली अमेरिकेत पॉइंटर या शिकारी जातीशी एकदाच संकर केला, पुढे पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच. ठिपके राहिले आणि निरोगी जीनही आला. अमेरिकन केनेल क्लबनं मात्र या वंशाच्या कुत्र्यांना कायमची नोंदणी द्यायला २०११ उजाडवलं. जतकडच्या कारवान (शिकारी कुत्र्यांची जात) पाळणाऱ्यांनाही आधी वाहक ओळखणारी जनुकीय टेस्टच परवडेल.