पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष: १७ए ची नोंदवही आणि सीयूचा टोटल जुळत नाही, ते नेमके कुठे चुकते?

प्रश्न (नवनियुक्त_पीआरओ):
नमस्कार. विधानसभा-लोकसभेच्या मतदानाला केंद्राध्यक्ष म्हणून प्रथमच काम करायचे आहे. प्रशिक्षणात मशीन जोडणी नीट समजली. शंका हिशोबाची आहे. संध्याकाळी १७ए (मतदारांची नोंदवही) मधला शेवटचा अनुक्रमांक आणि कंट्रोल युनिटवरचा (सीयू, मते नोंदवणारे यंत्र) टोटल यांत एक-दोन मतांचा फरक निघतो, असे बरेच जण सांगतात. तो का पडतो? टेस्ट वोट आणि प्रदत्त मत यांचा या हिशोबाशी काय संबंध? कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर १ (निवृत्त_नायब_तहसीलदार):
सर, संध्याकाळचा हिशोब सकाळी मॉकपोललाच (चाचणी मतदानाला) सुरू होतो. मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी मॉकपोल घ्यायचा. उमेदवारांचे प्रतिनिधी आले नसतील तर १५ मिनिटे थांबा आणि पुढे चला. किमान ५० मते टाका, नोटासह प्रत्येक उमेदवाराला मत गेलेच पाहिजे. कोणाला किती टाकली ते कागदावर लिहीत जा. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. रिझल्ट आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणारे यंत्र) चिठ्ठ्या प्रतिनिधींसमोर ताडून घ्या.

घोटाळा होतो तो यानंतर. घाईत क्लिअर राहून जाते आणि मॉकपोलची मते खऱ्या मतांत मिसळतात. क्लिअर झाल्यावर टोटल दाबून शून्य सगळ्यांना दाखवा, आणि मगच प्रमाणपत्रावर सह्या घ्या. दुसरी चूक म्हणजे व्हीव्हीपॅटच्या ड्रॉप बॉक्समधल्या चिठ्ठ्या तशाच राहणे. त्या बाहेर काढून प्रत्येकीच्या मागे मॉकपोलचा शिक्का मारा, काळ्या लिफाफ्यात सील करा, लिफाफा प्लास्टिकच्या डबीत ठेवून गुलाबी कागदी मोहोर लावा. रिकामा ड्रॉप बॉक्स दाखवूनच बंद करा. हिरव्या कागदी मोहोरेचा क्रमांक प्रतिनिधींना उतरवून घेऊ द्या, मोहोरेवर त्यांच्या सह्या घ्या.

उत्तर २ (केंद्रावरचा_माणूस):
आता फरकाबद्दल. मतदार मतदान अधिकारी क्रमांक एककडे ओळख पटवतो, मतदारयादीच्या चिन्हांकित प्रतीत लाल पेनने खूण होते. क्रमांक दोन शाई लावतो, १७ए मध्ये यादीतला अनुक्रमांक आणि ओळखपत्राचा तपशील लिहितो, सही किंवा अंगठा घेतो आणि मतदार चिठ्ठी देतो. क्रमांक तीन ती चिठ्ठी घेतो, बोटावरची शाई पाहतो आणि बॅलट बटण दाबतो. शाई सहीच्या आधी लावायची ती एवढ्यासाठी की मतदार मशीनपर्यंत पोहोचेपर्यंत ती वाळावी.

फरक याच टप्प्यांच्या फटीत पडतो. एक, सही झाल्यावर मतदार ‘मला मत द्यायचे नाही’ म्हणून निघून गेला. तेव्हा १७ए च्या शेरा रकान्यात ‘मतदानास नकार’ लिहून मतदाराची सही घ्या, आपलीही करा. दोन, बॅलट दाबले आणि मतदार बटण न दाबताच बाहेर आला. सीयूवर बिझी दिवा लागलेलाच असतो. अशा वेळी बॅलट पुन्हा दाबायचे नाही, त्याच बॅलटवर पुढच्या मतदाराला आत पाठवायचे. दिवा न पाहता चिठ्ठ्या घेत राहिले की मतदारांच्या मनात शंका येतात आणि रांगही अडते. शेवटचाच मतदार असे करून गेला तर सीयू बंद करा, व्हीव्हीपॅटची केबल सीयूपासून काढा आणि सीयू पुन्हा चालू करा. दिवा जातो, मग क्लोज लागते. एरवी मतदान सुरू असताना केबलला हात लावायचा नाही.

म्हणून दर दोन तासांनी टक्केवारी कळवताना १७ए, मतदार चिठ्ठ्या आणि टोटल तिन्ही एकत्र पाहा. नऊ वाजता सापडलेला एकाचा फरक लगेच शोधता येतो. तोच संध्याकाळी शोधायचा म्हणजे सगळी नोंदवही उलटावी लागते.

उत्तर ३ (निवडणूक_शाखा):
टेस्ट वोट नियम ४९एमए खाली येते. मतदार म्हणाला की व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर दुसरेच चिन्ह छापले, तर आधी खोट्या तक्रारीबद्दल शिक्षा होऊ शकते हे समजावून लेखी घोषणापत्र घ्यायचे. १७ए मध्ये त्याची दुसरी नोंद करायची आणि प्रतिनिधींसमोर मत टाकायला लावायचे. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना तात्काळ कळवा. खोटी निघाली तर शेऱ्यात टेस्ट वोट कोणत्या उमेदवाराला गेले ते लिहा आणि १७सी च्या (मतांच्या हिशोबाचा नमुना) भाग एकमध्ये दाखवा. ते मत मशीनच्या टोटलमध्ये मोजलेले असते, ते वजा होते मोजणीच्या दिवशी. इथे गाडी अडते, कारण पुष्कळ जण १७सी मध्ये तो रकाना कोरा सोडतात.

प्रदत्त मत पूर्ण वेगळे. कोणी आधीच त्याच्या नावावर मत देऊन गेले असेल आणि हा खरा मतदार असल्याची खात्री पटली, तर १७बी (प्रदत्त मतांची यादी) मध्ये सही घेऊन प्रदत्त मतपत्रिका द्या. मशीनवर मत नाही, १७ए मध्ये नोंद नाही. पत्रिका वेगळ्या लिफाफ्यात. त्यामुळे टोटलशी तिचा संबंध येत नाही, पण वापरलेल्या आणि शिल्लक पत्रिकांची संख्या १७सी मध्ये भरावी लागते.

आक्षेपित मताला (प्रतिनिधीने मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतला तर) प्रतिनिधीकडून २ रुपये रोख घ्या, तिथेच चौकशी करा. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार नेहमीसारखे मत देतो.

नवनियुक्त_पीआरओ:
धन्यवाद सर. मशीन बिघडले तर काय? आणि अंध मतदाराचा सोबती?

उत्तर (केंद्रावरचा_माणूस):
मतदान सुरू असताना फक्त व्हीव्हीपॅट बिघडले तर तेवढेच बदला. सीयू किंवा बीयू (मतदार बटण दाबतो ते यंत्र) बिघडले तर पूर्ण संच बदला, नव्या संचावर नोटासह प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून मॉकपोल घ्या. व्हीव्हीपॅट खिडकीजवळ किंवा दिव्याखाली ठेवू नका, थेट उजेडाने सेन्सर अडतो. सोबती १८ वर्षे पूर्ण झालेला हवा, त्या दिवशी तो एकाच मतदाराला मदत करू शकतो. म्हणून त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावतात. नोंद नमुना १४ए मध्ये.

वेळ संपली की रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांक असलेल्या सहीच्या चिठ्ठ्या वाटा. सगळ्यांचे झाले की क्लोज दाबा. क्लोज राहिले तर मोजणीला रिझल्ट निघत नाही. १७सी ची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्या, पोच घ्या.