मोठे टायर बसवताना ऑफसेट आणि बॅकस्पेसिंगचा हिशेब कसा करावा?

प्रश्नकर्ता:

नमस्कार. माझ्या गाडीला सध्या १७ इंच व्यासाच्या, ७.५ इंच रुंदीच्या आणि +३० ऑफसेटच्या (म्हणजे हबला, चाक ज्यावर बोल्टने बसते त्या भागाला, टेकणारी बैठक रिमच्या मध्यापासून ३० मिलिमीटर बाहेर असलेल्या) रिम आहेत व त्यांवर २६५/७० आर १७ मापाचे (२६५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के) टायर आहेत. कच्च्या रस्त्यांवरचा वापर वाढल्यामुळे २८५/७० आर १७ मापाचे ऑफ-रोड टायर घ्यायचे ठरवले आहे आणि त्यांच्यासाठी ८.५ इंच रुंदीच्या दोन रिम पाहून ठेवल्या आहेत. पहिलीवर ऑफसेट शून्य असे कोरलेले आहे. दुसरीवर ऑफसेटचा उल्लेखच नाही. तिचे बॅकस्पेसिंग, म्हणजे आतल्या काठापासून बैठकीपर्यंतचे अंतर, ४.७५ इंच एवढेच दिलेले आहे. साडेआठचे निम्मे सव्वाचार होतात, म्हणजे दुसऱ्या रिमची बैठक मध्यापासून अर्धा इंच बाहेर असून तिचा ऑफसेट सुमारे +१३ असावा, असा अंदाज मी केला आहे. तो बरोबर आहे का? आणि यांपैकी कोणती रिम घेतल्यास टायर आतल्या बाजूला कंट्रोल आर्मला (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) घासणार नाही?

पहिले उत्तर:

तुमच्या अंदाजात एक चूक झाली आहे, आणि ती इतकी सर्रास होते की तिच्यापायी रिम परत करण्याची वेळ अनेकांवर येते. रिमची सांगितली जाणारी रुंदी ही टायरची कड जिथे बसते त्या दोन जागांमधली असते. त्यांच्या बाहेर दोन्ही बाजूंना साधारण अर्ध्या अर्ध्या इंचाच्या कडा असतात, त्यामुळे ८.५ इंचाची रिम प्रत्यक्षात काठापासून काठापर्यंत सुमारे ९.५ इंच भरते. बॅकस्पेसिंग मोजतात ते आतल्या काठापासून, म्हणजे आतल्या बाजूच्या कडेच्या अगदी टोकापासून, हबला टेकणाऱ्या बैठकीपर्यंत. साडेनऊचे निम्मे ४.७५. तुम्ही पाहिलेल्या दोन्ही रिमचा ऑफसेट शून्यच आहे. फक्त तो दोन वेगळ्या पद्धतींनी सांगितला आहे.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बैठकीचे अंतर. बैठक मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन आणि चाक गाडीच्या आत ओढलेले. बैठक आतल्या अंगाला असेल तर ऑफसेट ऋण आणि चाक बाहेर आलेले. मात्र नुसता ऑफसेट पाहून दोन वेगळ्या रुंदीच्या रिमची तुलना करू नये, कारण रुंदी वाढली की दोन्ही काठ सरकतात. तुमच्याच बाबतीत पाहा. रुंदी १ इंचाने वाढल्यामुळे प्रत्येक काठ मध्यापासून १२.७ मिलिमीटर लांब जातो, आणि ऑफसेट +३० वरून शून्यावर आल्यामुळे अख्खी रिम ३० मिलिमीटर बाहेर सरकते. म्हणून आतला काठ सस्पेन्शनपासून १७.३ मिलिमीटर दूर जाईल, तर बाहेरचा काठ ४२.७ मिलिमीटर बाहेर येईल.

टायर रिमच्या काठापेक्षा फुगलेला असतो, तो भाग या हिशेबात धरलेला नाही. परंतु तुमच्या जुन्या आणि नव्या दोन्ही जोड्यांत हा फुगवटा प्रत्येक बाजूला सुमारे २२ मिलिमीटरच येतो, त्यामुळे वरचे आकडे टायरलाही जवळपास तसेच लागू पडतात. कंट्रोल आर्मची काळजी तुम्हाला करावी लागणार नाही. बाहेरच्या बाजूची मात्र करावी लागेल.

दुसरे उत्तर:

वरचा हिशेब अचूक आहे. आता त्या ४२.७ मिलिमीटरविषयी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो. आतली जागा मोकळी झाली एवढ्यावर समाधान मानून मी अशाच बाहेर आलेल्या रिम घेतल्या होत्या. सरळ रस्त्यावर काहीच जाणवले नाही; पण पहिल्यांदा स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेतली, तेव्हा टायरचा खांदा चाकाच्या कमानीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर आदळला आणि आतले प्लॅस्टिकचे अस्तर फाटले. पुढचे चाक वळते ते स्वतःच्या मध्याभोवती नव्हे, तर सस्पेन्शनमधल्या कलत्या अक्षाभोवती. चाक त्या अक्षापासून जितके बाहेर, तितकी त्याची फेरी मोठी होते आणि कमानीत पुढेमागे जास्त जागा लागते. त्यात तुमच्या टायरचा व्यास सुमारे ८०३ वरून ८३१ मिलिमीटर होणार आहे, म्हणजे त्रिज्येत आणखी १४ मिलिमीटरची भर पडेल.

चाक बाहेर गेल्याने खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगपर्यंत जास्त पोहोचतो, आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो. म्हणून माझे मत असे की आत घासणे टळेल इतकेच चाक बाहेर काढावे. +१० ऑफसेटची ८.५ इंची रिम मिळाली, तर आतला काठ आजच्यापेक्षा ७.३ मिलिमीटर दूरच राहील आणि बाहेरची वाढ ३२.७ वर येईल. दिसायला चाक थोडे कमी रुबाबदार वाटेल, पण गाडी चालवायला ते निश्चितच बरे.

प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. जुन्या रिमचे बॅकस्पेसिंग स्वतः मोजून पाहिले. चाक पालथे घालून आडवी पट्टी ठेवली, तेव्हा ६ इंचांच्या वर माप आले; हिशेबाने ते ५.४३ यायला हवे. हे असे का? आणि गाडी ५० मिलिमीटर उचलणारी लिफ्ट किट बसवली, तर कमानीत घासण्याचा प्रश्न मिटेल का?

तिसरे उत्तर:

पट्टी टायरच्या फुगवट्यावर टेकली असणार. टायर चढवलेला असताना आधी तेच माप घ्यावे, मग पट्टी न हलवता तिच्यापासून रिमच्या काठापर्यंतची खोली मोजावी आणि ती वजा करावी. दोनतीन ठिकाणी मोजल्यास पट्टी तिरपी बसल्याची चूकही लक्षात येते.

लिफ्ट किटमुळे उभ्या गाडीत जागा दिसते, परंतु सस्पेन्शन पूर्ण दाबले गेले की चाक पूर्वीइतकेच वर जाते, कारण ती मर्यादा बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शनची वरची हालचाल थांबवणारा ठोकळा, ठरवतो. बंप स्टॉप बदलला नाही, तर दगडावर एक चाक चढताच टायर वर घासू शकतो. खात्री करण्याचा विश्वासार्ह मार्ग कष्टाचा आहे. गाडी भक्कम स्टँडवर घेऊन कॉइल स्प्रिंग काढावी, नवे चाक चढवून हबखाली जॅक लावावा आणि बंप स्टॉप टेकेपर्यंत चाक वर न्यावे. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहावे. जिथे शंका असेल तिथे कमानीला आतून मूर्तिकामाच्या मऊ मातीचा गोळा चिकटवावा. तो किती चेपला, ते पाहून उरलेली जागा समजते. हे उसन्या घेतलेल्या एकाच चाकावर करता येते, म्हणून चारही रिम विकत घेण्यापूर्वी करावे.

प्रश्नकर्ता:

वजाबाकी केल्यावर माप ५.४ इंच आले. +१० ऑफसेटच्या रिमचा शोध सुरू केला आहे, आणि मातीची चाचणी झाल्याशिवाय टायरची मागणी नोंदवणार नाही.