लहान मुलांचे आकडीचे औषध: डोस वजनावर ठरवावा की रक्तातील पातळीवर?

वैशाखी (धागाकर्ती)

माझी मुलगी चार वर्षांची आहे, वजन 15 किलो. आकडीसाठी तिला व्हॅल्प्रोएटचे सिरप सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिली, म्हणजे दिवसाला 400 मिलिग्रॅम, चालू आहे. हेच औषध तिच्या आजोबांनाही आहे. त्यांचे वजन 60 किलो आणि डोस 1000. नातीचे वजन आजोबांच्या चौथाई, मग तिला 250 का नाही, हा सासूबाईंचा प्रश्न घरात रोज निघतो. शेवटी गेल्या महिन्यात आम्ही स्वतःहून तिचे रक्त तपासून घेतले. पातळी दर मिलीमागे 112 मायक्रोग्रॅम आली. अहवालावर 50 ते 100 अशी मर्यादा छापलेली होती आणि आकड्यापुढे ठळक 'हाय'. डॉक्टरांनी अहवाल वाचला, मुलीला सरळ रेषेत चालवले, हात पुढे धरायला लावून बोटे थरथरतात का ते पाहिले आणि डोस तोच ठेवला. मला हे पटलेले नाही. लहान मुलांमध्ये दर तीन महिन्यांनी पातळी तपासावी आणि डोस त्या आकड्यावरूनच ठरवावा, असे माझे मत आहे.

कडुलिंब

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि आपल्याशी असहमत आहे. आधी सासूबाईंच्या त्रैराशिकाविषयी. या वयात यकृत शरीराच्या मानाने मोठे असते आणि औषधाचा निचरा करणारी विकरे (एन्झाइम) जोमाने काम करतात, त्यामुळे दर किलोमागे मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त औषध लागते. नवजात बाळात याच्या उलट असते: फेनोबार्बिटोन या आकडीच्याच दुसऱ्या औषधाची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला पहिल्या आठवड्यात 100 तासांहून अधिक लागू शकतात, आणि महिनाभरातच हा वेळ 70 तासांच्या आसपास उतरतो. म्हणजे वय बदलले की हिशेबही बदलतो.

आता 112 विषयी. रक्त किती वाजता घेतले? सिरपची पातळी एक-दोन तासांत शिखरावर पोहोचते, आणि छापील मर्यादा ही पुढच्या डोसच्या अगदी आधी घेतलेल्या नमुन्यासाठी असते. शिवाय ती मर्यादा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे. 45 वर झटके पूर्ण थांबलेली मुलेही असतात आणि 90 वर न थांबलेलीही. व्हॅल्प्रोएटमुळे यकृताला होणाऱ्या गंभीर इजेचा धोका दोन वर्षांखालील आणि एकाहून अधिक औषधे घेणाऱ्या मुलांमध्ये सर्वाधिक असतो, आणि या इजेचा अंदाज पातळीच्या आकड्यावरून भरवशाने बांधता येत नाही. तिथे उलट्या, गळून जाणे, अन्नावरची वासना उडणे, थांबलेले झटके पुन्हा सुरू होणे, यांकडेच लक्ष ठेवावे लागते.

उंबरठा

डॉक्टरसाहेब, 'मुलाकडे पाहा' हे ऐकायला बरे वाटते. पण माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना फेनिटॉइन या आकडीच्या औषधावर होता आणि त्याला एकाचे दोन दिसत आहेत हे तो सांगणार कसा? डोस थोडासाच वाढवला होता. आठवड्याभरात तो भिंत धरून चालू लागला, आणि आम्हाला वाटले, दुपारची झोप होत नसेल. अखेर पातळी तपासली तर 34. हवी होती 10 ते 20 दरम्यान. फेनिटॉइन पचवणारी विकरे एका टप्प्यानंतर अपुरी पडतात आणि मग चमचाभर वाढीने पातळी दुपटीवर जाऊ शकते, हे आम्हाला नंतर समजले. वेळेवर रक्त तपासले असते तर ते दहा दिवस टळले असते. धागाकर्तीची मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

खलबत्ता

औषधाच्या दुकानात वीस वर्षे बसतो, म्हणून एवढेच विचारतो: बाटली हलवत होता का? फेनिटॉइनचे सस्पेन्शन तळाला बसते. न हलवता दिले तर वरचे डोस पातळ आणि तळातले जहाल. त्यातून स्वयंपाकघरातला चमचा वापरला तर मोजमाप संपलेच. सुई नसलेली सिरिंज वापरावी.

कडुलिंब

उंबरठा यांचे म्हणणे मान्य आहे, फेनिटॉइनला पातळी हवीच. कार्बामाझेपिन या आकडीच्या आणखी एका औषधामध्येही औषध स्वतःचाच निचरा वाढवत नेते, त्यामुळे पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याच डोसवर पातळी घसरते. त्या सुमारास झटके परतले तर तपासणी उपयोगी पडते. पण लेव्हेटिरासेटाम हे आकडीचे औषध बहुतांशी मूत्रावाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर त्याची पातळी मी सहसा मागवत नाही. औषध कोणते, प्रश्न कोणता, हे न पाहता चार वर्षांच्या मुलीला दर तिमाहीला सुई टोचण्यास माझा विरोध कायम आहे.

वैशाखी

अहवाल पुन्हा काढून पाहिला. नमुन्याची वेळ 9.40 आहे आणि सिरप आम्ही आठ वाजता दिले होते. ही वेळ प्रयोगशाळेत कोणी विचारली नाही आणि सांगायला हवी हे आम्हाला ठाऊक नव्हते. तेव्हा 112 वरचा माझा आक्षेप मी मागे घेते. तपासणीचा आग्रह मात्र सोडत नाही, कारण वर्षभरात तिचे वजन दोन किलोंनी वाढले आहे आणि डोस तोच आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून सकाळच्या सिरपआधीचा नमुना देणार आहोत. सासूबाईंना यकृताचे गणित सांगितले, त्यांना ते अजून पटलेले नाही.