पहिल्या ‘जिरो’वरून बेन हीलीचे पुढचे काय ओळखता आले असते?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. दर रविवारी पहाटे बेळगावहून जांबोटीपर्यंत सायकलने जाऊन परत येणारा आमचा सहा-सात जणांचा गट आहे, आणि पिरनवाडी ओलांडण्याच्या आतच आमच्यात शर्यतींवरून वाद सुरू होतो. सध्याचा वाद आयर्लंडचा सायकलपटू बेन हीली याच्यावरचा आहे.

२०२३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा तीन आठवड्यांच्या शर्यतीत, म्हणजे इटलीच्या ‘जिरो द इटालिया’त उतरला. आठव्या टप्प्यावर जवळपास ५० किलोमीटर एकट्याने सायकल मारून त्याने फॉसोम्ब्रोने गाठले, आणि आठवडाभराने बर्गामोत ब्रँडन मॅकनल्टीच्या मागे दुसरा आला. तेव्हा मी गटात ठामपणे सांगितले होते, की हा गडी एखाद-दुसरा टप्पा मारणारा आहे, सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेवर ठरणाऱ्या क्रमवारीत त्याचे नाव शोधायला जाऊ नका. २०२५च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये त्याने व्हीरचा टप्पा जिंकला, दहाव्या टप्प्यानंतर एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घातली आणि पॅरिसला पोचताना तो नववा होता. आता गटातली पोरे दर रविवारी मला माझे ते वाक्य ऐकवतात.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिल्या शर्यतीत असे काही दिसत होते का, जे माझ्या नजरेतून सुटले? आणि इथून पुढे हा मुलगा पहिल्या तिघांत येईल, की नववा क्रमांक हेच त्याचे शिखर ठरेल?

चोर्ल्याचा चढ

टिळकवाडीकर, आपण क्रमांकाकडे पाहिलेत, पण तो खेळाडू त्या शर्यतीत कोणाच्या कामाला होता हे पाहिले नाही, असे मला वाटते.

दोन आयरिश उदाहरणे घेऊ. स्टीफन रोश १९८३ साली आपल्या पहिल्या ‘टूर’मध्ये तेरावा आला, आणि चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याने जिरो, टूर आणि जागतिक अजिंक्यपद अशा तिन्ही शर्यती एकाच हंगामात जिंकल्या. एडी डनबार २०१९च्या जिरोत, तोही बाविसाव्या वर्षीच, इनिओस संघाकडून पहिल्यांदा उतरला, पिनेरोलोच्या टप्प्यावर तिसरा आला आणि एकूण बाविसावा राहिला. सहकाऱ्यांसाठी वाऱ्याला तोंड देत पुढे राहणाऱ्या नवख्या पोराने बाविसावे येणे ही मोठीच गोष्ट होती आणि त्याचे कौतुकही झाले, परंतु इतक्या श्रीमंत संघात नेतेपदासाठी रांग लागलेली असल्यामुळे त्याच्या वाट्याला पुढची संधी लवकर आलीच नाही. २०२२ मध्ये ‘कोप्पी ए बार्ताली’ ही शर्यत जिंकूनही त्याला जिरोच्या संघात घेतले गेले नाही, आणि जिरो चालू असतानाच त्याने ‘टूर ऑफ हंगेरी’ही जिंकली. तो जेको संघात गेला आणि २०२३च्या जिरोत सातवा आला, पुढच्या वर्षी स्पेनच्या तीन आठवड्यांच्या ‘व्हुएल्टा’त त्याने दोन टप्पे मारले. पाय तेच होते.

हीलीचे गणित उलटे आहे. त्याच्या ईएफ संघात त्याला कोणाच्या बाटल्या वाहायच्या नव्हत्या. शिवाय लांबून एकट्याने निसटू पाहणाऱ्याने एकूण वेळेत मागे असणेच सोयीचे असते, कारण जो आघाडीवाल्यांना धोका वाटत नाही त्यालाच सायकलपटूंच्या मुख्य गठ्ठ्यातून सुटू देतात. म्हणून त्या जिरोतला त्याचा क्रमांक पाहून काहीच ठरवता येत नव्हते, तो क्रमांक त्याने मिळवायचा प्रयत्नच केला नव्हता. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात, तोच पुण्यात पहिला पोचतो असे नाही, आणि त्यासाठी त्याला कोणी नावेही ठेवत नाही.

खानापूरचे मास्तर

वरचे विवेचन पटले. तरीही संघाच्या पलीकडे एक गोष्ट उरते, आणि ती म्हणजे तिसरा आठवडा.

मी चाळिशीत असताना दोघा मित्रांसह पहिल्या दिवशी बेळगाव ते आंबोली करून सावंतवाडीस उतरलो, दुसऱ्या दिवशी पणजी गाठली आणि तिसऱ्या दिवशी चोर्ला चढून परत यायचे ठरले. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होतो आणि त्याची मला घमेंडही होती. तिसऱ्या दिवशी सकाळी साखळी गावातल्या हॉटेलात पुढ्यात आलेली पाव-भाजी माझ्या घशाखाली उतरेना. पहिल्या दिवशी मागे रेंगाळणारा आमचा सोबती मात्र चार पाव संपवून, वर दोन चहा पिऊन निघाला, आणि मी घाटात उतरून सायकल ढकलत होतो तेव्हा तो कणकुंबीला पोचून आमची वाट पाहत होता. पायांत दम किती होता, याला त्या दिवशी फारशी किंमत नव्हती. कोणाचे पोट चालू होते आणि रात्रीच्या झोपेने कोणाचे अंग मोकळे झाले होते, यावर सारे ठरले. आजचे व्यावसायिक सायकलपटू तासाला १०० ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात घालतात आणि ते पचवण्याचाही सराव करतात. (आम्ही गोकाकचा करदंट खिशात ठेवत असू, उन्हात त्याचा कागद सोडवताना बोटे चिकटायची, पण चीज उत्तम.)

या दृष्टीने हीलीचा २०२५चा टूर पाहा. बाराव्या टप्प्यावर ओटाकामच्या चढात त्याने तेरा मिनिटांहून अधिक वेळ गमावला, आणि पिवळी जर्सीही गेली. रात्री नऊच्या सुमारास मोबाईलवर ते पाहताना मलाही वाटले, की आता हा रोज मागेच जात राहणार. पण पाचच दिवसांनी माँ व्हाँतूच्या माथ्यावर तो शेवटपर्यंत झुंजून दुसरा आला. मोडल्यानंतर पुन्हा उभे राहणारे शरीर फार थोड्यांचे असते, आणि माझ्या मते त्याच्या भवितव्याविषयी सर्वाधिक सांगणारी घटना पिवळी जर्सी नसून हीच आहे.

शहापूरचा पायडलवाला

मास्तर, आपला आदर राखून लिहितो. ती तेरा मिनिटे इतक्या सहज ओलांडून जाण्यासारखी नाहीत. व्हाँतूवर तो लवकर निसटलेल्या गटातून चढला. तो टूर जिंकणारा पोगाचार आणि त्याच्या बरोबरीचे चढणारे मागे आपापसांत लढत होते. ओटाकामला मात्र त्यांच्याशी थेट गाठ पडली, तिथे काय झाले ते आपण पाहिलेच. त्याच वर्षी सप्टेंबरात किगालीच्या जागतिक अजिंक्यपदात सुमारे २६७ किलोमीटरच्या शर्यतीत तो पोगाचार आणि एव्हनेपूल यांच्यामागे तिसरा आला. त्याची खरी जागा अशा लांब, खडतर एकदिवसीय शर्यतींत आहे, आणि त्याने क्रमवारीच्या नादी लागून मोकळेपणाने निसटण्याची आपली मुभा घालवू नये.

टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. पायडलवाले म्हणतात ते मला मनातून पटते, कारण माझे जुने वाक्य त्याने थोडेफार वाचते. पण आयर्लंडचाच शॉन केली आठवला की पुन्हा धीर सुटतो. चार वेळा टूरची हिरवी, म्हणजे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची, जर्सी मिळवणारा तो गडी. त्याला तीन आठवड्यांची शर्यत जिंकता येणार नाही असे मानले जाई. १९८७च्या व्हुएल्टात आघाडीवर असताना, शर्यत संपायला थोडेच दिवस उरलेले, आणि बैठकीच्या जागी झालेल्या गळवामुळे त्याला उतरावे लागले. पुढच्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, त्याने तीच शर्यत जिंकली. हीली तर आत्ता कुठे पंचविशीत आला आहे.

गटात मी आता एवढेच सांगणार आहे, की पुढच्या मोठ्या शर्यतीत पहिला उंच डोंगर लागेल त्या दिवशी तो पुढच्या गटापासून किती मिनिटे मागे राहतो ते आपण लिहून ठेवू. आकडा तीनच्या आत आला, तर पोरांना कुंदा मी खिलवीन.

खानापूरचे मास्तर

तीन फार उदारपणाचे झाले. दोन ठेवा.